महाराजांच्या डोक्यावरची गाठ

विषय: स्वतःस झाडाला टांगून घेऊन धनुष्यबाणाने रानडुकराची शिकार करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: मौजे माळशेंद येथील रेवजी तिरंदाज याचा, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला व अंगठा उठवलेला अर्ज.

वरील विषयी हकिगत येणेप्रमाणे.

कुंभेगड नावाच्या एका डोंगरी राज्यात माळशेंद नावाचे गाव होते. गावात रेवजी नावाचा एक तिरंदाज राहत होता. त्याला दोन गोष्टी चांगल्या येत होत्या, नेम धरणे आणि गाठ मारणे. तिसरी गोष्ट, म्हणजे मोठ्या माणसांशी बोलणे, त्याला येत नव्हती, आणि आजवर त्यावाचून त्याचे अडलेही नव्हते.

माळशेंदची नाचणीची शेते रानाला लागून होती. त्या रानात एक रानडुक्कर होते. त्याची शेपटी कधीतरी तुटली होती, म्हणून गाव त्याला भुंड्या म्हणे. भुंड्या आपल्या लवाजम्यासह शेतात शिरे, एक कणीस खाई आणि शंभर तुडवी. गेल्या वर्षी त्याने रेवजीच्या मेहुण्याची मांडी उभी फाडली होती. मेहुणा वाचला, पण लंगडा झाला. यंदाही तसेच झाले तर पीक तरी जाणार होते, नाहीतर आणखी एखादे माणूस तरी.

कुंभेगडात शिकारीच्या दोनच तऱ्हांना मान्यता होती. राजाने शिकार करायची ती माचाणावर बसून, आणि प्रजेने करायची ती जमिनीवर उभे राहून. माचाणावर चढण्याचा अधिकार फक्त राजघराण्याचा. जमिनीवरून डुकराची शिकार करण्याचा अधिकार प्रजेला होता, आणि प्रजेची शिकार करण्याचा अधिकार डुकराला होता. दोन्ही अधिकारांत डुक्कर सरस ठरत आले होते.

तेव्हा रेवजीने एक युक्ती काढली. विहिरीच्या जुन्या मोटेचे कातडे कापून त्याने हातभर रुंद पट्टा केला. पट्टा ढुंगणाखाली येई आणि त्याची दोन्ही टोके कमरेशी दोरीने जोडलेली असत. चढताना एक दोर खोडाभोवती वळसा घालून कमरेला बांधायचा आणि जसजसे वर जाऊ तसतसा वर सरकवायचा. हव्या त्या उंचीला पोचले की कमरेशी जोडलेला दुसरा दोर खोडाला डोक्याच्या वर बांधायचा, ओढला की आवळणाऱ्या गाठीने. मग पाय खोडाला टेकवून मागे रेलायचे. पट्ट्यात बूड, दोरावर भार आणि दोन्ही हात मोकळे. डुक्कर डावीकडून आले तर पायांनी खोडाभोवती सरकत डावीकडे व्हायचे, उजवीकडून आले तर उजवीकडे. माचाणाला चार माणसे आणि दोन दिवस लागत. याला अर्धी घटका पुरे होई.

गावाने त्याला खोगीर म्हणायला सुरुवात केली.

"रेवजी, खोगीर झालं. आता घोडा कधी आणतोस?" पारावरचे लोक विचारत.

"झाडच घोडा," रेवजी म्हणे. "दाणा मागत नाही आन् लाथ मारत नाही."

पण खोगीर वापरायला परवानगी लागणार होती. म्हणून ज्येष्ठ महिन्यात रेवजी कुंभेगडच्या शिकारखान्यात गेला. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि दौतीत लेखणी बुडवली.

"जमिनीवरून मारणार?"

"नाही जी."

"म्हणजे माचाणावरून?"

"माचाण कुठलं आपल्याला. टांगून बसणार. मधीच."

कारकुनाने समोरचा कागद वरून खाली आणि मग खालून वर पाहिला. "मधीच असा रकाना नाही," तो म्हणाला, आणि त्याने अर्ज एका दगडाखाली ठेवला. तो दगड अर्ज उडू नयेत म्हणून ठेवलेला होता. त्याखालचा एकही अर्ज आजवर उडाला नव्हता, आणि हललाही नव्हता.

आषाढ गेला, श्रावण गेला. भाद्रपदात नाचणीला कणसे धरली आणि भुंड्या आला.

इकडे शिकारखान्याचे दारोगा विसाजीपंत यांनी हा अर्ज एकदा दरबारात करमणूक म्हणून वाचून दाखवला. सगळे हसले. हैबतराव महाराज मात्र हसले नाहीत.

हैबतराव महाराज वाईट राजे नव्हते. त्यांना शिकारीची हौस होती आणि शिकार मात्र कधी मिळत नव्हती. ते माचाणावर बसले की त्यांच्यासोबत पानदानवाला, पिकदाणीवाला, वारा घालणारे दोघे, भालदार, आणि महाराजांना शिंक आली तर जीवेत शरदः शतम् म्हणायला एक शास्त्रीबुवा असत. एवढ्या मंडळींचा वास तीन कोसांवर जाई. अखेर हाकारे घालून एखादे थकलेले जनावर समोर आणून उभे करत. महाराज बाण सोडत. जनावर पडे. कोणाच्या बाणाने, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

"त्या खोगिरात माणूस एकटाच बसतो का?" महाराजांनी विचारले.

"एकटाच, महाराज. बिचाऱ्याजवळ दुसरा कोणी मावतच नाही," पंत म्हणाले.

"मला बसायचं आहे," महाराज म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी रेवजीला बोलावणे गेले. दगडाखालचा अर्ज निघाला आणि पंतांच्या गादीवर आला. रेवजीने शिकारखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून, खोगिरात बसून, डावीकडे-उजवीकडे सरकून दाखवले. पंतांनी मान डोलावली. मग त्यांची नजर वर गेली आणि मान थांबली.

"ती गाठ कुठे आली?"

"डोक्याच्या वर, पंत."

"कोणाच्या?"

"जो बसंल त्याच्या."

"बसणार कोण आहेत?"

रेवजीने गाठीकडे पाहिले. आता कुठे त्याच्या ध्यानात आले.

कुंभेगडात राजाच्या मस्तकाच्या वर देव, आकाश आणि छत्र एवढ्यांनाच जागा होती. प्रजेचा हात किंवा प्रजेच्या हातची वस्तू तिथे जाऊ नये असा दंडक होता. महाराज अंगणातून निघाले की माडीवरच्या दासी धावत खाली येत. न्हाव्यासाठी वाड्यात कमरेइतका खड्डा खणलेला होता. त्यात उभा राहून तो हात वर करून महाराजांची हजामत करी, आणि महाराजांच्या कल्ल्यांची उंची त्यामुळे कधीच सारखी नसे. पाखरांना हा दंडक समजावण्याचा प्रयत्न दोन पिढ्यांपूर्वी सोडून देण्यात आला होता.

"गाठ खोडाला, कमरेच्या उंचीला बांध," पंत म्हणाले.

"कमरेला बांधून कसं चालंल? दोर ढिला राहतो, पंत. पाय सुटला तर..."

"महाराजांचा पाय सुटत नसतो." पंतांनी अर्ज उचलला आणि रेवजीला दिसेल असा धरला. "हे बघ. उद्या महाराज तुमच्याच शिवारात येणार. ते तुला विचारतील, बरोबर बांधलं आहे का? तू म्हणायचं, जी महाराज. एवढंच. दोन शब्द. संध्याकाळी तुझ्या अर्जावर शिक्का पडेल. मग तू आणि तुझं ते डुक्कर, काय हवं ते करा. आणि जर तुला दोन शब्द जमत नसतील, तर तो दगड अजून जागेवरच आहे."

रेवजीने दगडाकडे पाहिले. त्याला भाद्रपदातली नाचणी दिसली, आणि मेहुण्याचा पाय दिसला.

"जी," तो म्हणाला.

"शाबास. तालीम झाली," पंत म्हणाले.

रेवजी दुपारी घरी पोचला. त्याची बायको ठकू अंगणात सूप घेऊन बसली होती. शेतात तुडवलेली कणसे तिने वेचून आणली होती आणि त्यांतून निघतील तेवढे दाणे काढत होती. रेवजीने तिला सगळे सांगितले. शिक्क्याचे आधी सांगितले, गाठीचे मागून.

ठकूचे सूप थांबले.

"अवं, तुमी सोता कमरंला बांधता का?"

"नाही."

"का?"

"तुला ठावं हाय की."

"मला ठावं हाय. तुमास्नी हाय का, ते बघते."

उन्हाळ्यात, खोगीर नवेच होते तेव्हा, रेवजीने एकदा आळस केला होता. खोगीर जमते का एवढेच पाहायचे, म्हणून गाठ कमरेशीच मारली होती. पाय निसटला. ढिला दोर ताणला जाईपर्यंत तो पुरुषभर खाली आला, आणि मग असा हिसका बसला की डोके खाली आणि पाय वर. लाकूडतोडे येईपर्यंत तो तसाच लोंबकळत राहिला. दोन बरगड्या मोडल्या होत्या. गाठ वर असती तर दोर मुळातच ताणलेला असता. ताणलेल्या दोरातून माणूस पडत नाही, नुसता झुलतो.

"तुमची बरगडी महिनाभर मी शेकलीया," ठकू म्हणाली. "राजाची कोण शेकंल?"

"त्याच्याकडं वैद्य हाय."

"मान मोडल्यावर वैद्य काय करतो?"

रेवजी म्हणाला, "आन् अर्ज? आन् भुंड्या?"

ठकूने पुन्हा सूप हातात घेतले. "भुंड्या निदान सांगून येतो," ती म्हणाली. "तुमी तर जी म्हणून मारायला निघालाय."

 रेवजीने खोगीर खाली घेतले, दोराचा वीतन् वीत हातांत धरून तपासला आणि पट्ट्याला तेल चोळत बसला. कामाचा निकाल लागला नाही की तो हातांना काम देई.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी महाराज माळशेंदच्या शिवारात आले. लवाजमा ओढ्यापलीकडे थांबवायचे ठरले होते, पण थांबवायला म्हणून जे आले तेच चाळीसजण होते. रानाच्या कडेला, ओढ्याकाठी एक सरळ, जाड ऐनाचे झाड होते. रेवजीने वारा पाहून तेच निवडले होते.

प्रथम छत्राची अडचण निघाली. छत्र धरणाऱ्याला शिडीवर चढवावे, तर तोच महाराजांपेक्षा उंच होत होता. अखेर छत्र ओढ्याकाठी ठेवून त्याला नमस्कार करण्यात आला.

महाराजांनी जोडे काढले. कमरेला पट्टा बांधून घेतला. वर झाडावर गाठ पंतांच्या हुकुमाप्रमाणे कमरेच्या उंचीलाच मारलेली होती. मग त्यांनी रेवजीकडे पाहून तो प्रश्न विचारला.

"बरोबर बांधलं आहे ना?"

पंत रेवजीकडे बघत होते. त्यांच्या कमरेच्या शेल्यातून अर्जाची घडी अर्धी बाहेर आलेली होती. ती सहज आलेली नव्हती.

रेवजीने दोन शब्दांसाठी तोंड उघडले. निघाले ते दुसरेच.

"नाही, महाराज. गाठ वर पायजे. डोक्याच्या वर. काल मी पंतांना जी म्हणालो, ते खोटं होतं."

पंतांनी अर्जाची घडी शेल्यात आत ढकलली.

"अडाणी माणूस आहे, महाराज," पंत म्हणाले. मग ते रेवजीकडे वळले. "म्हणजे अर्ज मागे घेतोस?"

"अर्ज ऱ्हाऊ दे, पंत. आधी गाठ वर जाऊ दे."

महाराजांचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या आजोबांच्या डोक्यावर कोणी फांदी वाकवली नाही," ते म्हणाले. "आणि तू गाठ बांधणार?"

"महाराज," रेवजी म्हणाला. त्याला मोठ्या माणसांशी बोलता येत नव्हते, म्हणून तो झाडाविषयी बोलावे तसे बोलला. "झाडाला राजा कळत नाही. त्याला वजन कळतं. तुमचं वजन भरलेलं पोतं मला द्या. एकदा गाठ खाली बांधून टाकतो, एकदा वर बांधून. मग जिथं म्हणाल तिथं बांधतो."

महाराजांनी वर दोराकडे पाहिले. मग म्हणाले, "पोतं आणा."

महाराजांची दर दसऱ्याला गुळाने तुला होई, त्यामुळे त्यांचे वजन दुसऱ्या कशात मोजणे रीतीला धरून नव्हते. मुदपाकखान्याच्या गाडीतून गूळ आला. पंतांनी दप्तरी नोंदलेले वजन सांगितले. ते राज्याभिषेकाच्या वर्षी नोंदलेले होते आणि त्यानंतर ते वाढवण्याची छाती कोणाची झालेली नव्हती. तेवढ्या भेल्या पोत्यात भरल्या गेल्या.

महाराजांनी पोत्याकडे पाहिले, आणि मग स्वतःच्या पोटाकडे.

"आणखी चार भेल्या घाला," ते हळूच म्हणाले. "गेल्या दसऱ्याला तराजूची दांडी करकरलेली मी ऐकली होती."

रेवजीने ते ऐकले आणि त्याला पहिल्यांदाच थोडा धीर आला.

पहिल्यांदा गाठ खाली बांधली. पोते फांदीवर ठेवले आणि ढकलले. ते ढिल्या दोराच्या टोकापर्यंत धाडकन खाली गेले, हिसक्याने उलटे झाले आणि त्याची शिवण फाटली. राजाच्या वजनाचा गूळ ओढ्याकाठच्या मंडळींवर पडला. एक भेली पंतांच्या पागोट्यावर बसली. मुंग्यांना निरोप कसा जातो कोण जाणे, पण त्या लगेच निघाल्या.

दुसऱ्यांदा गूळ गोळा करून, पोते शिवून, गाठ वर बांधली. ढकलल्यावर पोते हातभर डावीकडे गेले, हातभर उजवीकडे गेले आणि उभे राहिले.

महाराज त्या उभ्या पोत्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"पंत, छत्र माझ्या डोक्यावर का चालतं?"

"महाराज, ते उन्हापासून आपलं रक्षण करतं."

"आणि ही गाठ कशापासून करते?"

पंतांनी पागोट्यातली मुंगी काढली.

"बांध वर," महाराज म्हणाले.

गाठ बांधायला रेवजीला महाराजांपेक्षा वर चढावे लागले. तेवढा वेळ दरबारी मंडळींनी डोळे मिटून घेतले. जे पाहिले नाही ते घडले नाही, हा दप्तराचा जुना नियम आहे आणि तो अडचणीच्या वेळी फार उपयोगी पडतो. रेवजीने गाठ दोनदा ओढून पाहिली आणि तो खाली उतरला.

मग लवाजम्याला ओढ्यापलीकडे, टेकडीच्या आड पाठवले. महाराज पट्ट्यात रेलले, धनुष्य मांडीवर घेतले. रेवजी खाली, ऐनाच्या मुळाशी बसला. दुसऱ्या झाडावर आपले खोगीर बांधून बसण्याचे त्याच्या मनात होते, पण त्याचा अर्ज मंजूर झालेला नव्हता.

शांतता झाली. वीस वर्षांत पहिल्यांदाच महाराजांच्या आसपास कोणी खाकरत नव्हते. एक खार खोडावरून त्यांच्या पायापर्यंत आली, तिने त्यांच्याकडे पाहिले आणि मुजरा न करता निघून गेली. महाराजांना ते आवडले.

ऊन कलायला लागले तसा भुंड्या आला. तो एकटाच पुढे आला होता, पण महाराज बघत होते त्या बाजूने आला नाही. तो पाठीमागून आला. त्याची चाहूल लागताच महाराज घाईघाईने खोडाभोवती सरकायला गेले. त्यांचा डावा पाय सालीवरून निसटला, मग उजवाही सुटला. सालीचा एक ढलपा खाली पडला तो थेट रेवजीच्या पुढ्यात. भुंड्याने मान फिरवली आणि त्याला रेवजी दिसला.

रेवजीपाशी त्या वेळी धनुष्यही नव्हते. महाराजांजवळ शस्त्र घेऊन बसायला वेगळा अर्ज लागतो. त्याने पाठ खोडाला टेकवली. त्याला मेहुण्याची मांडी आठवली.

"महाराज," तो वर न बघता हळूच म्हणाला, "पायांची काळजी सोडा. दोर धरतो. तुमी धनुष्य धरा."

महाराज पडले नव्हते. एक वीतही खाली आले नव्हते. डोक्यावरच्या गाठीने त्यांना जिथल्या तिथे धरले होते आणि ते पोत्यासारखे झुलत होते. हातभर डावीकडे गेले, हातभर उजवीकडे गेले. दुसऱ्या झोक्याच्या शेवटी त्यांनी गुडघा खोडाला टेकवला आणि त्यांचे अंग स्थिर झाले. दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी प्रत्यंचा कानापर्यंत ओढली.

भुंड्या निघाला होता. बाण त्याच्या खांद्यामागे लागला. तो वेगाने आणखी सात-आठ पावले आला आणि रेवजीपासून दोन हातांवर तोंडघशी पडला. पुन्हा उठला नाही.

महाराज वरून वाकून बघत होते.

"रेवजी," वरून आवाज आला. "कोणाच्या बाणाने पडला रे?"

"तुमच्याच, महाराज. इथं दुसरं कोण हाय?"

महाराज खोगिरात टांगलेल्या अवस्थेत हसायला लागले. ते इतके हसले की गाठ करकरली, पण सुटली नाही. रेवजीही हसला. 

खाली उतरताना महाराजांनी पाय जमिनीला पूर्ण लागेपर्यंत दोर सोडला नाही. ही गोष्ट रेवजीने न सांगता त्यांना समजली होती.

"गाठ कमरेला असती तर?" त्यांनी विचारले.

"तर तुमी उलटे लोंबकळला असता, आन् मी फाटलो असतो," रेवजी म्हणाला. "दोघंबी एकाच दोरावर होतो, महाराज. मला ते काल कळलं नव्हतं."

त्या दिवसानंतर कुंभेगडात काही गोष्टी बदलल्या. वाड्यातला न्हाव्याचा खड्डा बुजवण्यात आला आणि महाराजांचे कल्ले सारखे झाले. गुळाची तुला खऱ्या वजनाने होऊ लागली, त्यामुळे दसऱ्याला गोरगरिबांना पूर्वीपेक्षा जास्त गूळ मिळू लागला. महाराज दर गुरुवारी एकटे माळशेंदच्या ऐनावर येऊन टांगून बसू लागले. कधी डुक्कर मारत, पुष्कळदा नुसतेच बसत. उरलेली नाचणी वाचली. त्यानंतर ठकूला तुडवलेली कणसे वेचावी लागली नाहीत.

रेवजीला राजाज्ञेने गाठदार असे पद मिळाले. दर गुरुवारी महाराजांच्या डोक्याच्या वर चढून गाठ बांधणे, हे त्याचे कर्तव्य ठरले. ते चुकवल्यास शिक्षेची तरतूद आहे.

त्याच्या अर्जाबाबत महाराजांनी त्याच संध्याकाळी, ओढ्याकाठी, पंतांना तोंडी हुकूम दिला. पंतांनी तो शिरसावंद्य मानला आणि लेखी मागवला. लेखी हुकूम आल्यावर कारकुनाने विचारणा केली की टांगून बसणे हे जमिनीत धरावे की माचाणात. त्यावर छत्रखान्याचा अभिप्राय मागवण्यात आला, कारण गाठीचा प्रश्न आता त्यांच्याकडे गेला होता. छत्रखान्याने कळवले की राजाच्या डोक्यावरील गाठ त्यांच्याकडे आहे, प्रजेच्या डोक्यावरील नाही. मध्यंतरी असे निदर्शनास आले की ज्या डुकरासाठी अर्ज केला होता ते मयत आहे. तेव्हा अर्जाचे प्रयोजन काय, याचा खुलासा अर्जदाराकडून मागवला. अर्जदाराने अंगठा उठवून कळवले की भुंड्याला पोरे आहेत.

हा खुलासा अर्जाला जोडला आहे. विसाजीपंत वयोमानाने निवृत्त झाले. दगड जागेवर आहे. गाठदार रेवजी दर गुरुवारी सरकारी कामासाठी झाडावर चढतो. स्वतःच्या कामासाठी चढण्याची परवानगी त्याला अद्याप मिळालेली नाही. अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य: मोठ्यांच्या मानासाठी खरी गोष्ट खाली बांधू नये. खरे बोलणाऱ्याचे काम कदाचित अडून राहते. पण ऐकणाऱ्याचा जीव वाचतो, आणि एकाच दोरावर असल्यामुळे बोलणाऱ्याचाही.